दोन नावांचा भुंगेरा

नाव ठेवणं हाच ज्याचा धंदा, त्याला ऑफिसातल्या लोकांनी नाव ठेवलं नसतं तरच नवल. मिशाळ म्हणायचे त्याला. आता या मिशाळाला औषधालासुद्धा मिशी नव्हती. रोज सकाळी तो दाढी घोटायचा आणि मिशीच्या जागी जरा जास्तच जोर लावायचा. पण त्याची अख्खी नोकरी गेली ती किड्यांच्या मिशा मोजण्यात. लांबशिंगी भुंगेरे म्हणून किड्यांचा एक भलामोठा गोतावळा आहे. शिंगं म्हणतात खरं, पण त्या असतात मिशाच. डोक्यापासून निघून पाठीवर वळलेल्या, पुष्कळदा अंगापेक्षा लांब. यांच्या अळ्या लाकूड पोखरत वाढतात आणि पंख फुटले की भोक पाडून बाहेर येतात. त्यातला कोण कोणत्या घराण्यातला, कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, आणि कोण नुसता तोंडावळा सारखा असलेला परका, हे ठरवायचं. ज्याला आजवर कोणीच नाव दिलेलं नाही, त्याला नाव द्यायचं. एवढंच त्याचं काम. "तुम्ही खुशाल किड्यांना नाव ठेवा," त्याची बायको म्हणायची, "तुम्हाला नावं ठेवायला मी आहे."

संग्रहालयात खालच्या मजल्यावर सांगाडे होते, मधल्या मजल्यावर फुलपाखरं. शाळांच्या सहली फुलपाखरांपर्यंत येऊन दमायच्या आणि खाली वळायच्या. लिफ्टही तिथवरच. मिशाळाच्या खोलीकडे जाणारा शेवटचा जिना पायीच चढावा लागे, आणि तो चढण्याचं कारण कोणालाच नसे. वर भिंतीला टेकून लाकडी कपाटं, कपाटांत उथळ खण, खणांत टाचणीवर ओळीने बसवलेले भुंगेरे, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. तो वास त्याच्या कपड्यांना होता, छत्रीला होता, घरी सोफ्यालासुद्धा होता. त्याच्या भुंगेऱ्यांविषयी ज्यांच्याशी चार शब्द बोलावेत अशी माणसं सगळ्या जगात मिळून तीन. त्यातला एक वारला, दुसऱ्याची नजर गेली, आणि तिसरा तो स्वतः. स्वतःशी बोलायची सवय त्याला लागली ती अशी, हौसेने नव्हे.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्यामागे तो स्वयंपाक शिकला, धुतलेले कपडे झटकून वाळत घालायला शिकला, पण बोलल्याशिवाय कसं राहायचं हे काही त्याला येईना. लेक दूर, दुसऱ्या शहरात, नवरा आणि दोन पोरांच्या धबडग्यात. दर रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो. तू?" "हो. तब्येत?" "चाललंय." एवढ्यावर फोन संपायचा. आई होती तेव्हा बोलायचं काम तिच्याकडे असे; माय-लेकींचं तासभर चाले आणि शेवटी आई ओरडे, "अहो, घ्या, बोला पोरीशी." तो "बरी आहेस ना?" म्हणायचा आणि फोन परत द्यायचा. आता परत द्यायला कोणी नव्हतं.

अशा या माणसाकडे एक दिवस वखारवाला आला, तो धापा टाकतच.

"भुंगेरेवाले साहेब तुम्हीच का? अहो, किती वर बसता! इथून देव हाकेच्या अंतरावर असेल." त्याने काखेतली काचेची मोठी बरणी टेबलावर ठेवली. तोंडाला फडकं बांधलेलं, आत लाकडाचा हातभर ओंडका, ओंडक्याला गोल भोकं. "हे बघा माझे पाहुणे. गिऱ्हाइकाने भरलेली गाडी परत पाठवली. म्हणतो, ही परदेशी कीड आहे, आमच्या गोदामात नको. मी म्हटलं, बाबा रे, हा किडा माझ्या आजोबांपासून वखारीत आहे, म्हटलं तर भागीदारच आहे. पण ऐकेल तर शपथ! तुम्ही फक्त लिहून द्या, हा इथलाच आहे म्हणून. नाव-गावासकट."

मिशाळाने बरणी उजेडाकडे फिरवली. आत दोन भुंगेरे होते. एक काळा, सडपातळ, मिशा अंगाच्या दुप्पट. दुसरा करडा, अंगाने भरलेला, मिशा जेमतेम पाठीच्या टोकापर्यंत. दोघांनाही पाहून त्याचा चेहरा खुलला. घरचीच माणसं होती ती.

"इथलेच आहेत," तो म्हणाला. "दोन वेगळ्या प्रजाती आहेत. दोघांना नावं मीच दिली आहेत."

"मग काय, घरचंच काम! द्या लिहून."

"बरणी राहू द्या. नीट तपासून देतो. परवा या."

"परवाच ना? की सरकारी परवा?" वखारवाल्याने विचारलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरला.

नावांची गोष्ट अशी होती. लेक तीन वर्षांची असताना मिशाळाने एक लेख छापला होता आणि त्यात करड्या भुंगेऱ्याला बायकोचं नाव दिलं होतं. ती लेख हातात घेऊन म्हणाली, "लोक बायकोला दागिना आणतात, तुम्ही किडा आणलात. तोही करडा." पण तिने ते भाजीवालीला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला सांगितलं, आणि अगदी शेवटी, बोलताना दम लागत होता तेव्हा, हॉस्पिटलातल्या नर्सलाही सांगितलं की माझ्या नावाचा एक भुंगेरा आहे, लाकूड खातो. नर्सला वाटलं, बाई भ्रमात बोलतात. लेख छापायला जायच्या आधी तिनेच त्याला बजावलं होतं, "पोरीच्याही नावाचा एक ठेवा. नाहीतर मोठी झाली की माझ्याशी भांडेल." म्हणून त्याच लेखात पुढच्या पानावर काळ्याला लेकीचं नाव मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशाळ वर आला, कोट खुंटीला अडकवला आणि बरणीत डोकावला. काळा भुंगेरा करड्याच्या पाठीवर बसला होता, आणि नुसता बसला नव्हता. अशा गोष्टीचा किड्यांमध्ये एकच अर्थ होतो. तो कळायला संग्रहालयात नोकरी असावी लागत नाही.

"छे," तो मोठ्याने म्हणाला. "छे, छे."

बरणीत कोंडलेला किडा काहीही करील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि खण बाहेर काढले. लेकीच्या नावाचा खण आणि बायकोच्या नावाचा खण शेजारी-शेजारीच होते. दुपारपर्यंत तो एकेक भुंगेरा भिंगाखाली घेऊन पोटाचं टोक तपासत राहिला. काळे सगळे नर निघाले, एकूण एक. करड्या सगळ्या माद्या. नवऱ्याची एक प्रजाती आणि बायकोची दुसरी, असा संसार त्याने इतकी वर्षं दोन खणांत मांडून ठेवला होता.

आणि चूक तरी कशी? नावं देणाऱ्या या तज्ज्ञ लोकांनीच करावी अशी. सुरुवातीला त्याच्याजवळ दोन्हीकडचे मोजकेच नमुने होते. काळे दिव्यावर झेप घेताना पकडलेले, करडे तोडलेल्या फांद्यांवर दिवसा सापडलेले. नर दिव्याकडे धावतात आणि माद्या लाकूड सोडत नाहीत, हे तेव्हा कोणाला ठाऊक? रंग वेगळा, अंगलट वेगळी, मिशा वेगळ्या. त्याने दोन प्रजाती केल्या. इथवर माफ. पण पुढे त्याने ओळखण्यासाठी एक तक्ता बनवला. तक्त्यातला पहिलाच प्रश्न: मिशा अंगाहून लांब आहेत का? असतील तर डावीकडे जा, नसतील तर उजवीकडे. मग जो नवा नमुना येई त्याला हा प्रश्न विचारला जाई. नवरा डावीकडे जाई, बायको उजवीकडे, आणि पुढे दोघांची गाठ पडायची सोयच नव्हती. तक्ता कधी चुकला नाही, कारण चूकच त्याच्या दारात उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

प्रजाती एक म्हटल्यावर नावही एकच राहणार. त्याचा नियम आहे. एरवी आधी छापलेलं नाव टिकतं आणि नंतरचं जातं, त्यात कोणाचं काही चालत नाही. पण दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापलेली असली, तर पानाचा पुढे-मागेपणा चालत नाही. अशा वेळी ज्याच्या पहिल्यांदा लक्षात येईल त्याने निवडायचं आणि छापून टाकायचं. त्याने एकदा निवडलं की कायमचं, पुढे कोणाला बदलता येत नाही.

म्हणजे निवडायचं मिशाळाने. बायको की लेक.

त्याला वाटलं, यात निवडायचं काय? बायको गेली. तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही, घराच्या दारावरच्या पाटीवरूनही ते उद्या उतरेल. लेकीचं तसं नाही. ती आहे, तिची पोरं आहेत, दिवसातून शंभरदा तिच्या नावाचा उद्धार होत असेल. त्याने कोरा कागद घेतला, वर बायकोचं नाव लिहिलं, आणि तिथेच त्याचा हात अडला. लेकीचं नाव आपल्या हाताने खोडायचं त्याला धाडस होईना. एकच तर माणूस उरलं होतं त्याला, आणि तेही रविवारपुरतं.

गप्प बसायचाही मार्ग होता. कोणाला कळणार होतं? त्या नजर गेलेल्या मित्राला? ओंडका जाळून टाकला असता, खण परत सरकवले असते, आणि दोघींची नावं सुखाने नांदली असती. पण वखारवाल्याला सही करून दोन प्रजाती आहेत म्हणून लिहून द्यायचं, म्हणजे जेवायला बसलेल्याच्या ताटात जाणूनबुजून खडा टाकायचा. तेवढं त्याच्याने होत नव्हतं. बायको असती तर संध्याकाळी तिला विचारलं असतं. ती म्हणाली असती, "किड्यावरून कसला घोर लावून घेता?" आणि मग दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी नेमकं उत्तर दिलं असतं. तो त्या संध्याकाळी घरी गेला, सकाळचंच गरम करून जेवला, आणि रिकाम्या खुर्चीला सगळी हकीकत सांगितली. खुर्चीवर तिची शाल अजून होती. त्याला फार एकटं वाटलं.

परवाचा दिवस उजाडला, तो काही रविवार नव्हता. तरी दुपारी मिशाळाने लेकीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? पडलात का कुठे?"

"नाही, नाही. बरा आहे मी."

"मग आज कसा फोन? तुम्ही कधी स्वतःहून फोन केलाय?"

"एक विचारायचं होतं." त्याने घसा साफ केला. "तुला आठवतं का, तुझ्या नावाचा एक भुंगेरा आहे?"

ती म्हणाली, "आठवतं."

त्याने सगळं सांगितलं. बरणी, ओंडका, खण, तक्ता. सांगता सांगता तो नेहमीप्रमाणे पोटाच्या टोकाच्या रचनेत शिरला आणि लेकीला हसू फुटलं.

"थांबा, थांबा. म्हणजे मी नर आहे?"

"हो."

"आणि आई माझी बायको?"

"तसं नाही गं ते..."

"तसंच झालं की! आई असती तर हसून हसून मेली असती." बोलून गेल्यावर आपण काय म्हणालो हे तिचं तिलाच जाणवलं. मग ती घाईने म्हणाली, "आईचंच ठेवा, बाबा. त्यात विचारायचं काय?"

"मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. "म्हटलं, तुला एकदा विचारावं. बरं, ठेवतो मग. पोरं बरी आहेत ना?"

"बरी आहेत."

"बरं."

"बाबा, एक मिनिट." तिचा आवाज बदलला होता. "आईचं नका ठेवू. माझं ठेवा."

मिशाळाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या नावाचा भुंगेरा आहे. मुली म्हणायच्या, दाखव. मी तुम्हाला म्हटलं, मला दाखवा. तुम्ही म्हणालात, वर लहान मुलांना येऊ देत नाहीत, मोठी झालीस की बघ. मग मी मोठी झाले आणि तुम्ही विसरलात." ती रागावून बोलत नव्हती, ठरवून ठेवलेलंही बोलत नव्हती, अडखळत होती. "लहानपणी मला वाटायचं, बाबा दिवसभर तिकडे असतात म्हणजे माझ्यापाशीच असतात. मी ज्या खणात आहे त्या खणापाशी. म्हणून तुम्ही उशिरा आलात तरी मी कधी रडले नाही. आईचं तुमच्याकडे सगळंच आहे, बाबा. घर आहे, तिची शाल आहे, तिचं कपाट तुम्ही अजून कोणाला उघडू देत नाही. माझं तुमच्याकडे काय आहे? जेवलात का, जेवलो. आणि तो एक किडा. तोपण काढून टाकू नका."

समोर कागद होता, कागदावर बायकोचं नाव. त्या नावाकडे पाहून तो मनातल्या मनात बायकोला म्हणाला, तूच बजावलं होतंस ना, भांडेल म्हणून? भांडली बघ. आणि त्याने त्या नावावर आडवी रेघ मारली. रेघ मारताना त्याला बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, अगदी तसंच, आणि तरी हात थांबला नाही.

"तुझं ठेवलं," तो म्हणाला.

"आईचं मग पुसूनच जाणार का?" आता तिला रडू येत होतं.

"नाही. एकदा छापलेलं नाव पुसलं जात नाही. ते खाली जातं. जिथे जिथे तुझं नाव येईल, तिथे त्याच्या खाली बारीक अक्षरांत तिचं यायचं. कुठल्याही यादीत, कुठल्याही देशात. तसा नियमच आहे."

"म्हणजे आई जन्मभर माझ्या मागे."

"मागे नाही गं. खाली."

ती रडता रडता हसली. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या शिपायाने डोकं आत घातलं आणि वखारवाला आलाय, जिना चढायला तयार नाही, कागद खालीच द्या म्हणतो, असं सांगितलं.

"थांबायला सांग त्याला," मिशाळ म्हणाला. "चहा दे. मी लेकीशी बोलतोय."

शिपाई पाहतच राहिला आणि गेला.

"बाबा," लेक म्हणाली, "कसा आहे तो? मी पाहिलाच नाही ना अजून."

मिशाळाने बरणी जवळ ओढली. "लांबट अंग, पाठीवरच्या कडक पंखांना समांतर कडा, मिशांचा तिसरा सांधा..."

"माणसासारखं सांगा हो."

"काळा आहे," तो म्हणाला. "पण नुसता काळा नाही. उजेडात धरला की निळी झाक मारतो. मिशा एवढ्या लांब की वळताना त्याच्याच पायात येतात. चालायच्या आधी मिशा पुढे टाकून चाचपून बघतो, मगच पाऊल उचलतो. पकडला की करकर आवाज करतो, चिडल्यासारखा. पण चावत नाही. एका जागी म्हणून बसत नाही, सारखा वर चढतो, पडतो, परत चढतो."

"मीच ती," लेक म्हणाली.

"हो. आता तूच."

तो बोलतच होता. आयुष्यात एवढं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. मिशांवरच्या पांढऱ्या कड्यांचं सांगितलं, पायांच्या केसाळ तळव्यांचं सांगितलं, आणि ती मध्ये मध्ये विचारत राहिली.

"आणि आई?" तिने विचारलं. "आई कशी आहे?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. मिशाळाने बरणीत पाहिलं. करडी मादी ओंडक्याच्या सालीला धरून बसली होती.

"बरी आहे," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. लेकीने फोन ठेवला नाही. तो सावरेपर्यंत ती थांबली, आणि मग त्याने डोळे पुसून पुढे सांगायला सुरुवात केली.